डिस्चार्जनंतर दारात उभ्या राहणाऱ्या सुखदेवे मॅडम

डॉ. निर्मला सुखदेवे यांची आणि माझी खरी पहिली भेट रायपूरच्या सदर बाजारात झाली आणि त्या भेटीत माझं वजन भर रस्त्यात जाहीर झालं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात जरा गंभीर असावी, असं संपादकांनी मला सुचवून पाहिलं. पण घडलं ते असं, आणि मॅडमची ओळख करून द्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मी मूळची सांगलीची, व्यवसायानं आहारतज्ज्ञ. नवऱ्याला नवा रायपूरच्या एका कार्यालयात नोकरी लागली म्हणून आम्ही तेलीबांध्याला बिऱ्हाड थाटलं आणि मी एका खाजगी दवाखान्याच्या हृदयविकार विभागात अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी विभागप्रमुखांना, म्हणजे मॅडमना, भेटायला गेले तर त्या खांद्याला पर्स लावून बाहेर पडतच होत्या. माझी प्रमाणपत्रं त्यांनी पाहिली नाहीत. "चला, वजनकाटे घ्यायचे आहेत," एवढंच म्हणाल्या आणि मला ऑटोत बसवलं.

दुकानातली फरशी उंचसखल होती म्हणून मॅडमनी एकेक काटा दुकानाच्या पायरीपाशी मांडला. आधी त्या स्वतः उभ्या राहायच्या, मग मला उभं करायच्या आणि आकडा मोठ्यानं वाचायच्या. मागे स्कूटरींची रांग लागली होती आणि कोणाला फारशी घाई दिसत नव्हती. मी हळूच म्हणाले की हा काटा जास्त दाखवतो आहे. मॅडम म्हणाल्या, नाही, हाच बरोबर आहे. ज्या काट्यांचे आकडे बारीक होते ते सगळे त्यांनी परत केले. पेशंटला चष्म्याशिवाय आणि न वाकता आकडा दिसला पाहिजे, कारण आपल्या पेशंटला वाकलं की दम लागतो, असं त्यांनी दुकानदाराला समजावलं. तो बिचारा मान डोलावत राहिला. माझी नोकरीची मुलाखत झाली ती एवढीच.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय थकलेलं असतं, त्याचा जोर कमी पडतो आणि अंगात पाणी साठत जातं. आधी पाय सुजतात, मग छातीत पाणी भरतं, मग माणसाला आडवं पडून झोपता येत नाही. दवाखान्यात औषधं देऊन हे पाणी काढता येतं. पेशंट हसत घरी जातो, घरचे पेढे वाटतात आणि थोड्याच दिवसांत तोच पेशंट धापा टाकत स्ट्रेचरवरून परत येतो. वजन अचानक वाढलं तर ते बहुतेक वेळा साठलेलं पाणीच असतं, म्हणून रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं. "डिस्चार्जच्या दिवशी सगळे खूश असतात आणि मला त्याच दिवसाची सगळ्यात जास्त भीती वाटते," असं मॅडम नव्या डॉक्टरांना सांगतात.

कोणी चांगलं काम करत असलं की त्यामागे एखादं मोठं दुःख असणार, असं लोकांना वाटतं. मॅडमना हे अनेकांनी विचारलंय. त्यांचं ठरलेलं उत्तर असं की तेच ते पेशंट परत परत बघून कंटाळा आला. मला हे उत्तर फार आवडतं. त्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढल्या. वडील भंडाऱ्याकडून येऊन इथल्या रेल्वेच्या कारखान्यात लागले, आणि चालू काम अर्धवट टाकून उठायचं नाही ही शिस्त मॅडमनी बहुधा त्यांच्याकडूनच घेतली असावी. पेशंटला घरी पाठवलं म्हणजे काम अर्धवट सोडलं, असा त्यांचा साधा हिशोब.

यातून त्यांनी छठी सुरू केली. छत्तीसगडात बाळ जन्मलं की सहाव्या दिवशी छठी करतात. घरचे, नात्यातले, पाऱ्यातले म्हणजे वस्तीतले लोक जमतात आणि बाळ सगळ्यांचं होतं. मॅडमनी हा रिवाज सरळ उचलला. डिस्चार्ज मिळाल्यापासून सहाव्या दिवशी डॉक्टर, एक सिस्टर आणि आहारतज्ज्ञ अशी आमची तिघींची वरात पेशंटच्या घरी जाते. घरच्यांनी त्या दिवशी, पेशंटला पुढे जे जे कोणी खाऊ घालणार आहेत त्या सगळ्यांना बोलवायचं. सून, शेजारीण, रोज संध्याकाळी भजी घेऊन येणारा मित्र, सगळे. अंगठ्यानं नडगीवर दाबून सूज कशी बघायची, दवाखान्यात कधी फोन करायचा, हे सगळ्यांनी शिकायचं. एकट्या पेशंटला सांगून काही होत नाही, कारण आपल्याकडे पेशंटला स्वतःच्या हातानं कोणी जेवू देतच नाही.

दवाखान्याच्या व्यवस्थापनाला हे पटलं नव्हतं. पेशंट दाराबाहेर गेला की तो आपला राहिला नाही, असं एका साहेबांनी बैठकीत ऐकवलं होतं. मॅडमनी वाद घातला नाही. त्या आपल्या सुट्टीच्या दिवशी छठीला जाऊ लागल्या आणि आम्हाला दोघींनाही ओढू लागल्या. पुढे परत येणाऱ्या पेशंटांची गर्दी ओसरली तेव्हा त्याच साहेबांनी गाडीची सोय केली. आज तेच साहेब बाहेरच्या पाहुण्यांना छठीबद्दल असं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, कल्पना त्यांचीच.

माझ्या विषयातलं एक सांगायलाच हवं. एका म्हाताऱ्या छत्तीसगढी काकांनी दिवसभरात किती पाणी प्यायचं ते आम्ही मोजून बांधून दिलं होतं आणि घरचे ते काटेकोर पाळत होते, तरी सूज उतरेना. छठीला गेलो तेव्हा काका बासी खात बसले होते. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात ती बासी, वर मीठ आणि कांदा. ते सगळं पाणी घरच्यांनी धरलंच नव्हतं, कारण बासी खायची असते, प्यायची नसते. मी बासी बंद करायला सांगणार तेवढ्यात मॅडमनी माझा हात दाबला. त्यांनी काकांच्या शेजारी बसून दोन घास मागून घेतले. मग सुनेला सांगितलं की पाणी निथळून दे, मीठ नको, कांदा राहू दे. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ताटातलं काहीतरी त्याचं राहू द्यायचं, नाहीतर तो आपलं काहीच ऐकणार नाही. माझे आहाराचे तक्ते त्या दिवसापासून बदलले.

आता यशोदाबाई मेश्रामांबद्दल लिहिते. मॅडमच्या कामाचा खरा कस तिथे लागला.

यशोदाबाई रायपुरातल्याच गुढ़ियारीत राहतात. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर त्या घरात एकट्या. मुलगा प्रशांत पुण्याला कंपनीत. बाईंचं हृदय थकलेलं आणि दवाखान्याच्या फेऱ्या चालू. प्रत्येक वेळी प्रशांतला रजा काढून धावत यावं लागे. शेवटी त्यानं आईला निर्वाणीचं सांगितलं की पुन्हा भरती व्हावं लागलं तर घराला कुलूप लावून पुण्याला यायचं. बाईंना ते नको होतं. गुढ़ियारीच्या विहारात सकाळची वंदना त्याच सांगत, ओट्यावर बसलं की जाणारायेणारा प्रत्येक जण ओळखीचा. पुण्यात नवव्या मजल्यावर मी कोणाला ओळखू, असं त्या सिस्टरपाशी रडल्या होत्या. म्हणजे त्या डिस्चार्जनंतर बाईंचं घर पणाला लागलेलं होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सहाव्या दिवशी आम्ही पोचलो तर घर भरलेलं. दुर्गहून नणंद आली होती, शेजारपाजारचे होते, प्रशांत होता. बाई नवी साडी नेसून पलंगावर ताठ बसल्या होत्या आणि त्यांना बोलताना धाप लागत होती. मॅडमनी पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेना. काट्यावर उभं केलं तर वजन चांगलंच वाढलेलं. प्रशांतनं मोबाइल काढला आणि अॅम्ब्युलन्सचा नंबर शोधू लागला.

मॅडमनी त्याला थांबवलं आणि बाईंना विचारलं की अंगातलं पाणी काढणारी लघवीची गोळी घेतली का. नणंदेनं ढोसल्यावर बाई बोलल्या.

"कालपासून नाही घेतली. घरी पाहुणे, अन आज तुमी येऊन राहिल्या. गोळी घेतली का दर घटकेले उठा लागते. आंगणात माणसं बसून हायेत, त्यायच्यासमोरून मी सारखी संडासात जाऊ का? डॉक्टरीणबाई घरी आल्या अन मी उठून चालली, बरं दिसते का ते?"

मला हसू आलं. जी गोळी घेतात की नाही हे बघायला आम्ही गेलो होतो, ती बाईंनी आमच्या मानासाठी बंद ठेवली होती. प्रशांत मात्र भडकला. "आई, अब बस. सामान बाँधो," म्हणाला.

मॅडम पलंगावर बाईंच्या शेजारी बसल्या. एरवी त्या आमच्याशी प्रमाण मराठीत बोलतात. तेव्हा त्यांच्या तोंडून माहेरची बोली आली.

"चूक तुमची नाही हाय, यशोदाबाई. माझी हाय. मी डॉक्टर म्हणून याले पाहिजे होतं, मी पाहुणी बनून आली."

मग त्यांनी नाडी, दाब, छाती सगळं नीट तपासलं, प्राणवायू मोजला आणि प्रशांतला स्वच्छ सांगितलं की आत्ता धोका नाही, वाढवलेला डोस मी माझ्यासमोर देते, संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर मी स्वतः गाडीत घालून नेईन. नंतर त्या अंगणात गेल्या आणि सगळ्या पुरुषमंडळींना चहाला चौकात पाठवून दिलं. मॅडमचा आवाज ज्यांनी वॉर्डात ऐकला आहे त्यांना सांगायला नको की अंगण लगेच रिकामं झालं. प्रशांतला मात्र त्यांनी ठेवून घेतलं. संडासाच्या वाटेवर एक उंच पायरी होती, तिथे उभं राहून आईला हात द्यायचं काम त्याच्याकडे दिलं.

दुपारभर आम्ही तिथेच होतो. बाई उठायच्या, लेकाच्या हाताला धरून जायच्या, परत यायच्या. सुरुवातीला मान खाली घालून, नंतर जरा सवयीनं. मॅडम नणंदेकडे भंडाऱ्याकडच्या नातेवाइकांची चौकशी करत बसल्या होत्या, जशी काही त्यांना आज दुसरी ओपीडीच नव्हती. ऊन उतरलं तेव्हा बाई एका दमात पूर्ण वाक्य बोलू लागल्या होत्या. मॅडमनी गोळीच्या वेळेचा प्रश्नही सोडवून दिला. कुठे जायचं असलं, कोणी येणार असलं तर गोळी तेवढ्यापुरती पुढे ढकलायची, घरी आल्यावर घ्यायची, पण चुकवायची नाही. अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली नाही. प्रशांतनं पुण्याचा विषय त्या दिवसापुरता मिटवला.

दुसऱ्या कोणी यावर एखादी सूचना काढली असती. मॅडमनी वेगळंच केलं. पुढच्या छठीला आम्ही एका घरात शिरलो, माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि मॅडमनी चप्पल काढता काढता सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचं बाथरूम कुठं आहे हो?" घरात धावपळ उडाली. कोणी साबण शोधायला गेलं, कोणी बादली बदलायला. मॅडम सगळ्या बैठकीतून निवांत चालत गेल्या, निवांत परत आल्या आणि मग पेशंटला म्हणाल्या, आता तुम्ही जाऊन या, मी थांबते. तेव्हापासून आजपर्यंत एकही घर त्यांनी चुकवलेलं नाही. जाताना दिवा आहे का, फरशी निसरडी आहे का, धरायला काही आहे का, हेही त्या बघून घेतात. पण मूळ गोष्ट ती नव्हे. एवढ्या मोठ्या डॉक्टर सगळ्यांसमोर उठून जातात म्हटल्यावर घरातल्या कोणाही बाईला उठायची लाज उरत नाही.

याचा परिणाम असा झाला की मॅडमना शुगरचा मोठा आजार आहे, अशी बातमी गुढ़ियारीभर पसरली. लोक त्यांच्यासाठी मेथीदाणे, कारल्याचा रस आणि कसल्या कसल्या पुड्या आणू लागले. एका आजोबांनी तर त्यांना गोड न सोडल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. मी म्हटलं, मॅडम, एकदा खुलासा करून टाका. त्या म्हणाल्या, "कशाला? त्यांना माझ्यासमोर उठायला लाज वाटत नाही ना, मग असू दे मला शुगर." आणि कारल्याच्या रसाची बाटली माझ्या हातात देऊन ओपीडीत गेल्या.

मॅडमचे दोषही लिहायला हवेत, नाहीतर त्यांनाच हा लेख खोटा वाटेल. त्या फोनवर ओरडून बोलतात, जणू समोरचा बिलासपूरला आहे आणि मध्ये तार नाही. स्कूटर चालवताना त्या पेशंटच्या केसेस सांगत असतात, म्हणून मी त्यांच्या मागे बसणं सोडलं आहे. चहा थंड झाल्याशिवाय पीत नाहीत आणि मग थंड झाला म्हणून कुरकुर करतात. पण परक्या गावात मी एकटी पडले आहे हे माझ्या नवऱ्याच्याही आधी त्यांनी ओळखलं. कुठलाही गाजावाजा न करता त्या दर रविवारी मला त्यांच्या आईकडे जेवायला नेऊ लागल्या. माझ्या मुलीला मराठी समजतं पण ती उत्तर हिंदीत देते. मी तिच्यावर चिडते. मॅडम तिच्याशी मराठीतच गप्पा मारतात, ती हिंदीत उत्तर देते आणि दोघींचं काही अडत नाही. एकदा मुलगी तापानं फणफणली होती आणि नवरा दौऱ्यावर होता. तेव्हा मॅडम आल्या, तिच्या उशाशी बसल्या आणि मला झोपायला लावलं. त्यांचं ऋण मानते, हे मी इथे सरळच लिहिते.

यशोदाबाईंची गोष्ट अजून संपायची आहे. त्यानंतर काही महिन्यांनी प्रशांत ओपीडीत आला. आईची तब्येत चांगली होती, पण त्याच्या मनातली धास्ती गेली नव्हती. त्यानं मॅडमना विनंती केली की आईनं एकटं राहू नये असं तुम्ही सांगा, तुमचं ती ऐकेल. मी तिथेच बसले होते. मॅडमनी त्याला उडवून लावलं नाही. कशाची भीती वाटते, असं विचारलं. तो म्हणाला, "सुबह फोन नहीं उठाया तो?" आणि एवढा उंचापुरा माणूस डोळे पुसू लागला.

मॅडमनी त्याला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "प्रशांत, तुझी भीती खरी आहे. त्यावर आपण उपाय करू. पण मी पेशंटला दवाखान्यातून घरी सोडते. घर कोणतं, ते पेशंटनं ठरवायचं."

उपाय साधाच निघाला. छठीला जमलेले शेजारी होतेच, सूज बघायला शिकलेले. त्यांच्यापैकी समोरच्या घरातल्या बाईंनी सकाळी एकदा हाक मारायची. यशोदाबाईंनी काट्यावर उभं राहून आकडा पुण्याला कळवायचा. वजन वाढलं, दम लागला किंवा हाकेला उत्तर आलं नाही, तर आधी दवाखान्याला फोन करायचा. प्रशांत तयार झाला, पण कुरकुरत. आज तो रोज सकाळी आईशी बोलतो. वजन सांगून झालं की आई त्याचं वजन विचारते आणि मग त्याला ऐकून घ्यावं लागतं. त्यानंतर बाईंना भरती व्हावं लागलेलं नाही. पुढे कधी लागणारच नाही असं मॅडम म्हणत नाहीत, त्यामुळे मीही म्हणत नाही. पण विहारातली वंदना अजून त्याच सांगतात.

मॅडम आता साठी पूर्ण करत आहेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलंमुली छत्तीसगडात ठिकठिकाणी छठ्या करत आहेत आणि परक्या घरात शिरल्या शिरल्या बाथरूम विचारत आहेत. हा वारसा मला फार मोलाचा वाटतो. मॅडमना उदंड आयुष्य मिळो. त्यांना जिने चढताना दम न लागो, त्यांची झोप शांत असो, आणि आम्हाला रागावण्याइतका आवाज त्यांच्या छातीत कायम राहो.

या ग्रंथासाठी काही शब्द सांगा म्हणून मी गेल्या आठवड्यात गुढ़ियारीला यशोदाबाईंकडे गेले होते. असं लिहिण्याबोलण्यातलं मले काही समजत नाही, असं म्हणून त्यांनी आधी मला चहा पाजला. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईले एवढंच सांगजा. मी कुठंच जाऊन नाही राहिली. तुमीबी जाऊ नका."